विश्लेषण : गोळीने वर्तन सावरतं, पण वजन का वाढतं? दिव्यांग मुलांच्या वजनाकडे कोण लक्ष देणार?

२०२५ मध्ये मुलांच्या लठ्ठपणावर देशात बरीच चर्चा झाली. फेब्रुवारीत पंतप्रधानांनी ‘मन की बात’मधून स्वयंपाकातलं तेल दहा टक्क्यांनी कमी करण्याचं आवाहन केलं. मे महिन्यात सीबीएसईने शाळांना ‘शुगर बोर्ड’ लावायला सांगितलं. सप्टेंबरमध्ये युनिसेफचा अहवाल आला. जगभरातल्या ५ ते १९ वयोगटात लठ्ठ मुलांचं प्रमाण (९.४ टक्के) पहिल्यांदाच कमी वजनाच्या मुलांच्या (९.२ टक्के) पुढे गेल्याचं त्यात म्हटलं होतं.

या सगळ्या चर्चेचा सूर एकच होता. जंक फूड कमी करा, मोबाइल बाजूला ठेवा, मुलांना मैदानावर पाठवा. पण मुलांचा एक गट असा आहे, ज्यांच्या वजनवाढीचं मोठं कारण वडापाव किंवा मोबाइल हे नसून रोज सकाळ-संध्याकाळ दिली जाणारी गोळी असते. स्वमग्नता (ऑटिझम), बौद्धिक अक्षमता, सेरेब्रल पाल्सी किंवा अपस्मार असलेल्या अनेक मुलांना अशी औषधं घ्यावी लागतात, ज्यांनी भूक वाढते आणि वजनही. औषध गरजेचं असतं, त्यामुळे ते एकाएकी बंद करता येत नाही. आणि वजनाकडे दुर्लक्ष केलं, तर काही वर्षांत नवा आजार समोर उभा राहतो.

नाशिकसारख्या जिल्ह्यात हा पेच नेमका कसा दिसतो आणि त्यातून वाट कशी काढता येते, हे समजून घेऊ.

प्रश्न किती मुलांचा आहे?

भारतातल्या पाच ठिकाणी २ ते ९ वर्षांच्या सुमारे ४ हजार मुलांची पाहणी करण्यात आली होती. तिचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. पाच ठिकाणांत उत्तर गोव्याचाही समावेश होता. साधारण आठपैकी एका मुलात मेंदूच्या विकासाशी संबंधित किमान एक अडचण आढळली. यात ऐकू न येण्यापासून स्वमग्नतेपर्यंत अनेक प्रकार येतात आणि यातल्या बहुतेक मुलांना वजन वाढवणारी औषधं लागत नाहीत. ज्यांना लागतात, त्यांची वेगळी मोजदाद मात्र होत नाही.

नाशिकमध्ये या मुलांसाठीच्या कामाची परंपरा जुनी आहे. रजनी लिमये यांनी १९७७ मध्ये बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी ‘प्रबोधिनी’ची शाळा सुरू केली. राज्यातली वैद्यकीय महाविद्यालयं ज्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहेत, त्याचं मुख्यालयही १९९८ पासून नाशिकमध्ये आहे. म्हणजे शिक्षण आणि वैद्यकशास्त्र या दोन्ही बाजू शहरात आहेत. अडचण या दोन बाजूंच्या मधल्या जागेत आहे. औषध लिहिणारे डॉक्टर एकीकडे, दिवसातले पाच-सहा तास मुलाला सांभाळणारी शाळा दुसरीकडे आणि ताटात वाढणारं घर तिसरीकडे. मुलाचं वजन नियमित मोजण्याचं काम यातल्या कोणाच्याच वाट्याला ठरवून दिलेलं नाही.

कोणत्या औषधांनी वजन वाढतं?

पहिला गट अँटिसायकॉटिक औषधांचा. नाव भीतीदायक असलं, तरी ती फक्त मनोविकारांसाठी दिली जातात असं नाही. मूल स्वतःचं डोकं भिंतीवर आपटत असेल, चावत असेल, तासन्‌तास आकांत करत असेल आणि इतर उपाय पुरे पडत नसतील, तेव्हा रिस्पेरिडोन किंवा अॅरिपिप्रॅझोल दिलं जातं. स्वमग्न मुलांमधल्या अशा तीव्र चिडचिडीसाठी अमेरिकेच्या औषध नियामकाने रिस्पेरिडोनला २००६ मध्ये आणि अॅरिपिप्रॅझोलला २००९ मध्ये मान्यता दिली. ओलान्झापिन आणि क्वेटियापिन हीही याच गटातली.

दुसरा गट अपस्माराच्या औषधांचा. यात व्हॅल्प्रोएटने वजन वाढण्याची शक्यता बरीच असते. मात्र फिटची सगळी औषधं सारखी नाहीत. टोपिरामेटने उलट भूक कमी होते.

तिसरा गट स्टेरॉइडचा. ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी या स्नायूंच्या आजारात स्टेरॉइड वर्षानुवर्षं घ्यावं लागतं. तान्ह्या बाळांमधल्या विशिष्ट झटक्यांसाठी ते काही आठवडेच दिलं जातं, त्यामुळे तिथली वजनवाढ सहसा तात्पुरती असते.

अतिचंचलतेसाठी दिलं जाणारं मिथाइलफेनिडेट याच्या उलट आहे, त्याने भूक मंदावते. म्हणून ‘मेंदूच्या गोळ्यांनी वजन वाढतंच’ हा समजही चुकीचा आणि ‘गोळीचा वजनाशी संबंध नाही’ हाही.

गोळी पोटात गेल्यावर नेमकं काय होतं?

मेंदूत भूक आणि तृप्ती यांचा तोल सांभाळणारी केंद्रं असतात. हिस्टामिन आणि सेरोटोनिन ही रसायनं तिथे ‘पोट भरलं, आता पुरे’ असा निरोप पोहोचवतात. अँटिसायकॉटिक औषधं ही रसायनं ज्या ग्राहींवर काम करतात, त्यातले काही अडवतात. मग जेवून उठलेलं मूल अर्ध्या तासात पुन्हा स्वयंपाकघरात येतं. हा हट्ट नसतो, त्याला खरोखर भूक लागलेली असते. शिवाय काही मुलांना गुंगी येते, हालचाल कमी होते. इन्सुलिनचं कामही बिघडू शकतं.

हे समजून घेणं महत्त्वाचं, कारण या वजनवाढीचा दोष सहसा आईवर येतो. ‘तूच लाडावून ठेवलंस’, ‘शांत बसावं म्हणून खायला देतेस’ असं ऐकवलं जातं. खाण्याच्या सवयींचा वाटा असतोच, पण सुरुवात अनेकदा रसायनापासून होते.

वजन किती वाढतं?

अमेरिकेतल्या १०१ स्वमग्न मुलांवरचा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. आठ आठवड्यांत रिस्पेरिडोन घेणाऱ्या मुलांचं वजन सरासरी २.७ किलोंनी वाढलं, औषधासारखी दिसणारी बिनऔषधी गोळी घेणाऱ्यांचं ०.८ किलोंनी. याच अभ्यासात औषधाचा फायदाही ठळक दिसला. ६९ टक्के मुलांच्या वर्तनात चांगली सुधारणा झाली, दुसऱ्या गटात फक्त १२ टक्के मुलांच्या.

२००९ मधल्या आणखी एका अमेरिकी अभ्यासात वेगवेगळ्या मानसिक व वर्तनविषयक त्रासांसाठी पहिल्यांदाच ही औषधं घेणारी २७२ मुलं होती. साधारण ११ आठवड्यांत ओलान्झापिनने सरासरी ८.५ किलो, क्वेटियापिनने ६.१, रिस्पेरिडोनने ५.३ आणि अॅरिपिप्रॅझोलने ४.४ किलो वजन वाढलं. औषध न घेणाऱ्यांचं जेमतेम ०.२ किलो.

या आकड्यांतून दोन गोष्टी कळतात. एक, औषधाऔषधात फरक आहे, पण ‘वजन न वाढवणारं’ म्हणून दिलं जाणारं औषधही पूर्ण निर्धोक नसतं. दोन, बरीच वाढ पहिल्या दोन-तीन महिन्यांतच होते. मूल जाड दिसू लागल्यावर जागं होण्यात हा महत्त्वाचा काळ निघून जातो.

सगळी वजनवाढ औषधामुळेच असते का?

नाही. डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांमध्ये थायरॉइड मंदावण्याचं प्रमाण जास्त असतं, त्यामुळे तिथे आधी थायरॉइडची तपासणी हवी. प्रॅडर-विली या जनुकीय आजारात न शमणारी भूक हेच मुख्य लक्षण आहे. सेरेब्रल पाल्सीत हालचालीच कमी. स्वमग्न मुलं अनेकदा दोन-चारच पदार्थ खातात आणि ते बहुधा बिस्किट, वेफर्स, बटाटा, भात असे असतात.

आणखी एक कारण सहसा लक्षात येत नाही. थेरपीत आणि वर्गात बक्षीस म्हणून दिला जाणारा खाऊ. एक शब्द बोलला की एक जेम्सची गोळी, जागेवर बसला की एक चिप. सुरुवातीला ही युक्ती उपयोगी पडते, पण औषधाने भूक वाढलेल्या मुलाच्या बाबतीत तीच अंगाशी येते. साबणाचे फुगे, झोका, आवडतं गाणं किंवा स्टिकर हेही बक्षीस होऊ शकतं. मुलाच्या थेरपिस्टशी याबद्दल बोलायला हवं.

थोडं वजन वाढलं तर बिघडलं कुठे?

आपल्याकडे ‘बाळसं धरलं’ ही कौतुकाची गोष्ट आहे. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर या आदिवासीबहुल भागांत तर मुलांचं वजन कमी असणं हीच वर्षानुवर्षांची काळजी. तिथे किरकोळ अंगाचं मूल गोळी सुरू झाल्यावर भरू लागलं, तर घरच्यांना औषध लागू पडल्याचाच आनंद होतो. मूळचं वजन खरोखर कमी असेल, तर थोडी वाढ चांगलीही असते. पण वाढ तिथे थांबत नाही.

रक्तातली साखर आणि चरबी वाढणं, यकृतात चरबी साठणं, झोपेत घोरणं व श्वास अडकणं हे पुढचे टप्पे. झोप बिघडली की दिवसा चिडचिड वाढते आणि ज्या चिडचिडीसाठी औषध सुरू केलं, तिचाच डोस वाढवावा लागू शकतो. मानेवर, काखेत मखमलीसारखा काळपटपणा येतो. घरी तो मळ समजून घासून काढण्याचा प्रयत्न होतो, पण ते शरीर इन्सुलिनला दाद देत नसल्याचं लक्षण असू शकतं. रिस्पेरिडोनमुळे काही मुलग्यांची छातीही वाढते. ती प्रोलॅक्टिन या संप्रेरकामुळे असू शकते आणि तिची तपासणी वेगळी असते. व्हॅल्प्रोएट घेणाऱ्या मुलींमध्ये पाळी अनियमित झाली, तर तेही डॉक्टरांना सांगायला हवं.

दिव्यांग मुलाच्या घरात वजनाचा अर्थ आणखी वेगळा असतो. चालता न येणाऱ्या मुलाला उचलून आंघोळीला नेणं, रिक्षात बसवणं, दुसऱ्या मजल्यावर चढवणं हे काम बहुतेक घरांत आईच करते. मूल दहा किलोंनी वाढलं की तिची कंबर जाते. कॅलिपर आणि व्हीलचेअर अपुऱ्या पडतात. फिजिओथेरपीला जाणं हळूहळू बंद होतं. पुढे मूल घराबाहेर पडेनासं होतं आणि त्याच्याबरोबर आईही.

मग औषध बंद करावं का?

स्वतःच्या मनाने, एकाएकी तर मुळीच नाही. फिटचं औषध अचानक थांबवलं, तर एकामागून एक झटके येऊन जिवाला धोका होऊ शकतो. दीर्घकाळ घेतलेलं स्टेरॉइड अचानक सोडणंही तितकंच घातक. रिस्पेरिडोनच्या बाबतीत २००५ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. चार महिने औषधाने बरं वाटलेल्या मुलांपैकी काहींचं औषध हळूहळू काढून घेण्यात आलं. त्यातल्या जवळपास ६३ टक्के मुलांचा त्रास परतला, औषध सुरू असलेल्यांपैकी साडेबारा टक्क्यांचा.

पण याच आकड्याची दुसरी बाजूही आहे. औषध काढल्यावर तिघांपैकी एका मुलाचा त्रास परतला नाही. म्हणजे ‘एकदा सुरू झालेली गोळी कायमची’ हेही खरं नाही. ब्रिटनच्या अधिकृत मार्गदर्शिकेनुसार स्वमग्न मुलांच्या वर्तनासाठी अँटिसायकॉटिक सुरू केल्यावर तीन ते चार आठवड्यांनी आढावा घ्यायचा आणि सहा आठवड्यांत ठोस फायदा दिसला नाही, तर ते थांबवायचं. इंग्लंडमध्ये बौद्धिक अक्षमता असलेल्यांना विनाकारण दिली जाणारी अशी औषधं कमी करण्यासाठी २०१६ पासून मोहीमही सुरू आहे.

आपल्याकडे मात्र आढावा राहून जातो. सुरगाण्याहून नाशिकला येऊन परत जायचं, तर त्यात अख्खा दिवस आणि दिवसाची मजुरी जाते. मग जुनी चिठ्ठी दाखवून तालुक्याच्या मेडिकलमधून तीच गोळी पुन्हा घेतली जाते. मूल मोठं होतं, औषध तेच राहतं आणि ते कशासाठी सुरू केलं होतं, हेही विसरलं जातं.

डॉक्टरांना विचारायचे प्रश्न साधे आहेत. हे औषध कोणत्या त्रासासाठी आहे? फायदा झाला की नाही, हे कधी आणि कसं ठरवायचं? वजन किती वाढलं तर विचार बदलायचा? डोस कमी करता येईल का, किंवा वजन कमी वाढवणारं दुसरं औषध चालेल का?

नोंद कशी ठेवायची?

औषध सुरू होण्याआधी वजन, उंची आणि कमरेचा घेर मोजावा. शक्य असल्यास उपाशीपोटी साखर आणि रक्तातल्या चरबीची तपासणी करून घ्यावी. पहिले तीन महिने दर महिन्याला आणि नंतर दर तीन महिन्यांनी वजन-उंची पाहावी. रक्ततपासणी साधारण तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी आणि पुढे वर्षाने डॉक्टरांच्या सल्ल्याने करावी. उभं न राहणाऱ्या मुलाला उचलून मोठ्या माणसाने काट्यावर उभं राहावं आणि मग आपलं वजन त्यातून वजा करावं.

मुलांचं वजन वयानुसार वाढणारच, त्यामुळे नुसते किलो पाहून अंदाज येत नाही. त्यासाठी वाढीचा तक्ता लागतो. भारतीय बालरोग संघटनेने ५ ते १८ वर्षांच्या मुलांसाठी २०१५ मध्ये तक्ते प्रसिद्ध केले. पुण्याच्या डॉ. वामन खाडिलकर आणि डॉ. अनुराधा खाडिलकर यांचा त्यात मोठा वाटा आहे. भारतीयांना तुलनेने कमी वजनातच मधुमेहाचा धोका सुरू होतो. म्हणून या तक्त्यांत धोक्याच्या रेषा प्रौढांच्या २३ आणि २७ बीएमआयशी जुळवलेल्या आहेत, पाश्चात्त्यांच्या २५ आणि ३० शी नाही. मुलाचा आलेख आधीची रेषा सोडून वर चढू लागला, की तीच कृती करण्याची वेळ.

खूप तहान, वारंवार लघवी आणि अचानक थकवा दिसला, किंवा व्हॅल्प्रोएट घेणाऱ्या मुलाला सतत उलट्या, तीव्र पोटदुखी किंवा सुस्ती आली, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना गाठावं.

घरात काय बदलता येतं?

या मुलांना उपाशी ठेवणं हा उपाय नाही. त्याने आकांत वाढतो आणि वाढीवरही परिणाम होतो. बदल मुलाच्या एकट्या ताटात न करता घराच्या स्वयंपाकात केला, तर टिकतो. भूक मारता येत नसेल, तर पोट भरणारे पदार्थ आधी द्यावेत. काकडी, गाजर, ताक, मटकीची उसळ, घट्ट वरण, भाकरी आधी आणि भात शेवटी. सरबत, फळांचा डबाबंद रस आणि साखरेचा चहा-बिस्किट ही पहिली कपात. फरसाण आणि चिवड्याचे डबे नजरेआड ठेवावेत. अनेक मुलांची भूक डबा दिसल्यावर उफाळते.

स्वमग्न मुलांना ठरलेला क्रम आवडतो, त्याचा उपयोग होतो. दिवसभराच्या खाण्याच्या वेळा चित्रांनी भिंतीवर लावल्या, की ‘आता नाही, यानंतर’ हे शब्दांपेक्षा चित्राने लवकर कळतं. नवा पदार्थ एका वेळी एकच आणि चमचाभर द्यावा. आजी-आजोबा, शेजारी आणि शाळेच्या गाडीतल्या मावशी यांनाही हा नियम माहीत हवा. ‘बिचारं, खाऊ दे’ या मायेने दिवसाला दोन-तीन खाऊ सहज वाढतात.

व्यायामात स्पर्धेची गरज नाही. रोज ठरलेल्या वाटेने चालणं, पाण्यात खेळणं, गाण्यावर नाचणं पुरे. डाऊन सिंड्रोम असलेला नाशिकचा जलतरणपटू स्वयं पाटील याला २०२२ चा प्रधानमंत्री राष्ट्रीय बाल पुरस्कार मिळाला. प्रत्येक मुलाकडून तशी अपेक्षा ठेवायची नाही, पण संधी मिळाली तर ही मुलं पाण्यात उतरतात, हे त्यातून दिसतं.

पालकांच्या प्रशिक्षणाचाही पुरावा आहे. २००९ मध्ये १२४ मुलांवर झालेल्या अमेरिकी अभ्यासात औषधाबरोबर पालकांना वर्तन हाताळण्याचं शिक्षण दिलं, तेव्हा नुसत्या औषधापेक्षा फायदा जास्त झाला आणि औषधाचा डोसही कमी लागला. डोस कमी म्हणजे वजनाचा धोकाही कमी.

वजन कमी करणारी औषधं चालतील का?

मधुमेहाचं जुनं आणि स्वस्त औषध मेटफॉर्मिन यावर सगळ्यांत जास्त पाहिलं गेलं आहे. अशा औषधांनी वजन वाढलेल्या सुमारे ६० स्वमग्न मुलांवरचा चार महिन्यांचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. मेटफॉर्मिनने वजनवाढीला आळा बसला, पण फरक माफक होता आणि काही मुलांना पोटाचा त्रास झाला. दीर्घकाळ घेतल्यास बी-१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकतं, आणि शाकाहारी घरांत ते आधीच कमी असू शकतं. हा निर्णय डॉक्टरांचाच.

सेमाग्लुटाइडसारख्या इंजेक्शनांबद्दल सध्या मोठं कुतूहल आहे. अमेरिकेत डिसेंबर २०२२ मध्ये १२ वर्षांवरच्या लठ्ठ मुलांसाठी त्याला मान्यता मिळाली. भारतात वजनासाठी ते जून २०२५ मध्ये आलं, तेही प्रौढांसाठी. पेटंटची मुदत मार्च २०२६ पर्यंतचीच होती, त्यामुळे स्वस्त पर्यायांची चर्चा सुरू झाली. पण मळमळ होते किंवा पोट दुखतं हे ज्या मुलाला सांगता येत नाही, त्याच्या बाबतीत घाई धोक्याची ठरेल.

व्यवस्थेने काय करायला हवं?

नवी योजना आणण्याआधी असलेल्या योजना जोडल्या तरी बरंच साधेल. ० ते १८ वयाच्या मुलांच्या तपासणीचा ‘राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम’ फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरमधूनच सुरू झाला. विकासातला विलंब आणि दिव्यांगत्व हा त्याचा एक अधिकृत भाग आहे. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी राष्ट्रीय न्यासाची ‘निरामय’ ही एक लाख रुपयांपर्यंतची आरोग्य विमा योजना आहे. तिच्यात बाह्यरुग्ण उपचार आणि तपासण्यांचाही विचार केलेला आहे. म्हणजे साखर-चरबीची तपासणी हा खर्चाचा मोठा अडथळा राहू नये. ‘टेली-मानस’चा १४४१६ हा क्रमांक मराठीतही उपलब्ध आहे. महाराष्ट्रात डिसेंबर २०२२ पासून दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र विभाग आहे.

या सगळ्यात एक साधा कागद घालायचा आहे. प्रत्येक विशेष शाळेत एक काटा, प्रत्येक मुलाच्या फाइलमध्ये त्याच्या औषधांची नावं आणि दर महिन्याच्या वजनाचा तक्ता. तो तक्ता पालकांबरोबर डॉक्टरांकडे जावा आणि डॉक्टरांनी त्यावर पुढच्या आढाव्याची तारीख लिहावी. याला फारसा पैसा लागत नाही. मूल वर्षभरात दहा किलोंनी वाढल्यावर ‘डाएट करा’ असं सांगण्यापेक्षा दुसऱ्या महिन्यात दोन किलो वाढलेले पाहून डोसचा विचार करणं मुलासाठी, आईसाठी आणि डॉक्टरांसाठीही सोपं आहे.